धूर म्हणजे न जळलेलं जळण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



विठ्ठलवाडी स्टेशनच्या आसपास, कल्याण पूर्वेच्या आणि उल्हासनगरच्या जुन्या वस्तीत, गॅस-गिझर घरोघरी आले, तरी काही मोऱ्यांमधून तांब्याचा बंब अजून हललेला नाही. थंडीच्या दिवसांत सिलिंडर वाचवायला तो हमखास पेटतो. आंघोळीचं पाणी मस्त तापतं, पण शेजारच्यांच्या डोळ्यांना पाणी येतं आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते. मग भांडणं होतात. आज या धुराविषयी बोलायचं आहे.

धूर म्हणजे काय? आपण समजतो, लाकूड जळून गेल्यावर जे उरतं ते. खरं तर धूर म्हणजे बऱ्याच अंशी न जळलेलं जळण! लाकूड तापलं की वजनाने त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वायू आणि वाफा होऊन बाहेर पडतो. कोळसा म्हणून उरतो तो थोडाच. ज्वाला दिसते ती या वायूंची. त्यांना वेळेवर हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली नाही, तर ते तसेच नळीतून निघून जातात. म्हणजे विकत घेतलेलं जळण आपण आकाशात सोडतो आणि उरलेलं शेजाऱ्यांच्या छातीत.

बंबात नेमकं हेच घडतं. जाळीखालून येणारी हवा निखाऱ्यांतच बरीचशी संपते. वर उठणाऱ्या वायूंच्या वाट्याला ती नीट येत नाही. त्यातच नळीच्या भोवती गार पाणी. ज्वाला त्या गार भिंतीला टेकली की विझते आणि काजळी धरते. आपण वरून आणखी चार ढलप्या टाकतो, त्या खालच्या विस्तवावर पडून धुमसतात.

उपाय जुना आहे. जळणाच्या वरच्या अंगाला दुसऱ्यांदा हवा द्यायची, आणि तीही तापवून. थंड हवा दिली तर ज्वाला उलट मंदावते. अमेरिकेचे थॉमस रीड आणि नॉर्वेचे पाल वेन्डेल्बो यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वावर, वरून पेटवायच्या शेगड्या स्वतंत्रपणे तयार केल्या. आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, ‘संपदा’ ही शेगडी याच जातीची केली. सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ साली थांबला. पण त्याचा सगळा रोख स्वयंपाकाच्या चुलीवर होता. मोरीतला बंब बाजूलाच राहिला.

बंबासाठी काय करता येईल? पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून स्टेनलेस स्टीलचा एक डबा करून घ्यावा. तो बंबाच्या नळीत सैल बसेल, चहूबाजूंनी साधारण एक सेंटिमीटर फट राहील, असा. उंची नळीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तळाला थोडी भोकं, पहिल्या हवेसाठी. वरच्या काठाखाली भोकांची एक रांग, दुसऱ्या हवेसाठी. काठाला बाहेरून एक कडी, म्हणजे फटीतून वर येणारी हवा निसटू नये, भोकांतूनच आत यावी. उचलायला तारेचा आकडा. फटीतून चढताना हवा आपोआप तापते.

डब्यात वरच्या भोकांच्या खालपर्यंतच जळण भरा, डबा नळीत सोडा, आणि वरून काथ्याचा पेटता झुपका टाका. वरून पेटवायचं, खालून नाही! विस्तव हळूहळू खाली उतरतो आणि निघणारा वायू वरच्या ज्वालेतूनच जातो. मध्ये जळण टाकायचं नाही.

किती जळण लागावं? वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला हिशेबाने शंभर-सव्वाशे ग्रॅम सुकं लाकूड पुरतं. प्रत्यक्षात उष्णता वाया जाते, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. आपला आजचा खर्च तराजूवर तोलून पाहा, मग डबा बसवून पुन्हा तोला. नळीच्या तोंडाचा धूर पाहिलात तरी फरक कळेल.

काही पथ्यं मात्र पाळा. लाकूड सुकं हवं. ओल्यातलं पाणी उडवण्यातच उष्णता जाते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामुळे इकडे प्लायवूडचे, सनमायक्याचे तुकडे मिळतात; ते बंबात नकोत, त्यांतले डिंक आणि रसायनं जळून विषारी धूर होतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नका, तापल्यावर जस्ताची वाफ निघते. बंबाच्या पाण्याच्या भांड्याला भोक पाडू नका आणि रिकामा बंब पेटवू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका संपला, असं नाही. ज्वाला विझल्यावर लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. दार-खिडकी लावलेल्या मोरीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून बंब मोकळ्या जागी ठेवा, नाहीतर खिडकी उघडी ठेवा. निखारे पूर्ण विझेपर्यंत मोरीत कोणालाही आंघोळीला बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच.

एका डब्याने हवा शुद्ध होणार नाही. पण पाणी तापवताना शेजारच्या घरात धूर जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.