टाचेतले चार थेंब



बाळ जन्मलं. रडलं, दूध प्यायलं, छान झोपलं.
मग तपासणी कशाला? आजीचा हा प्रश्न रास्तच आहे.

पण काही जन्मजात आजार सुरुवातीला दिसतच नाहीत.
दिसू लागतात, तेव्हा मेंदूचं नुकसान झालेलं असतं.
म्हणून तपासणी लक्षणं दिसण्याआधी करायची.

दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचतात.
रक्ताचे चार-पाच थेंब खास कागदावर घेऊन वाळवतात.
ही युक्ती अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट गथ्री यांची, १९६०च्या दशकातली.
तेव्हा शोध एकाच आजाराचा होता.
आता त्याच थेंबांतून अनेक दुर्मीळ आजार हुडकता येतात.
गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली.

थायरॉइडचं उदाहरण घ्या.
काही बाळांमध्ये ही ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही.
पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर बुद्धीची वाढ सहसा व्यवस्थित होते.
औषध म्हणजे रोजची एक छोटीशी गोळी, दुधात विरघळवून!
सगळ्याच आजारांवर इतका सोपा उपाय नाही, हेही खरं.

अहवालात शंका आली, तर घाबरू नका.
ते निदान नव्हे. पक्की चाचणी पुन्हा होते.
पण ती लगेच करा.

पुन्हा सांगते, तपासणी लक्षणं दिसण्याआधी.

आणि बाळंतपण माहेरी झालं असेल,
तर रुग्णालयात माहेरचाही फोन नंबर द्या.
अहवाल सासरी आणि बाळ आजोळी, असं नको.