दुपारी बारानंतर तुटणारी लॅन केबल

धुळ्याच्या देवपूरमधून एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. खाली दुकान, वर घर. टॅलीचा डेटा दुकानातल्या कम्प्युटरवर, आणि वर बसून त्यांची मुलगी तोच डेटा नेटवर्कवरून उघडते, बिलं चढवते. सकाळी झकास चालतं. दुपारी बाराच्या पुढे जोडणी तुटते, परत येते, परत तुटते. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचाय.

भाऊ, आधी टॅली बंद करा आणि डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. एन्ट्री सेव्ह होत असताना लाइन गेली तर डेटाच खराब होऊ शकतो. वायर शंभर वेळा बदलता येते, वर्षभराची बिलं परत चढवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये.

आता लॅनच्या पोर्टजवळचा बारीक दिवा बघा. जोडणी तुटते तेव्हा दिवाही विझतो का? विझत असेल तर विंडोजच्या सेटिंगला हात लावू नका. दोष वायरीत, कनेक्टरमध्ये, पोर्टमध्ये नाहीतर राउटरमध्ये आहे. दिवा चालू आणि तरी फाइल दिसत नसेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, कम्प्युटरने स्वतःच घेतलाय. आणि पिंगला उत्तर आलं नाही म्हणून लगेच वायरीला दोष देऊ नका बरं का. विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' धरलं असेल तर फायरवॉलच ते अडवतो.

पण तुमचं दुखणं दुपारचं आहे, म्हणून माझा संशय गच्चीवरून गेलेल्या वायरीवर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, गच्चीची फरशी तर त्याहून तापते. घरात वापरायच्या केबलचं साधं आवरण उन्हात कडक होऊन तडकतं. काही जण म्हणतात, उन्हानं सिग्नल कमी होतो. होतो, पण १०० मीटरच्या मर्यादेजवळ असाल तर त्याचा विचार करायचा. तुमची वायर वीस-पंचवीस मीटर. इथे सैल झालेला जोड तापून सरकतोय, असं मला वाटतं.

खात्री कशी करायची? वरचा कम्प्युटर एक दिवस खाली आणा, त्याच राउटरला छोट्या, चांगल्या वायरीने जोडा. दुपारभर नीट चालला तर लांब वायर दोषी. तरीही तुटला तर राउटरला हात लावून बघा, पत्र्याखाली ठेवलेला असेल तर तोही तापतो.

वायर दोषी निघाली तर टोक ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, सीसीए म्हणून स्वस्तात मिळते ती. वाकवली की तुटते, कनेक्टरमध्ये सैल पडते. अस्सल तांब्याचीच घ्या, बाहेरून नेण्यासाठी काळ्या आवरणाची, आणि पाइपातून न्या.

क्रिम्पिंग करणाऱ्याच्या शेजारी मात्र उभे राहा. क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. काही जण जोड्या ओळीनं लावतात. केशरी, मग हिरवी, मग निळी. टेस्टरचे आठही दिवे लागतात, पोरगं पैसे घेऊन जातं, आणि जोडणी रडतच राहते. कारण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची लागते, ती इथे दोन वेगळ्या पिळांत गेलेली असते. तो टेस्टर फक्त तार सलग आहे का एवढंच सांगतो.

वायर नवीन टाकली की तपासणी सकाळी नको. दुपारी दोन वाजता करा, आणि मगच मुलीला टॅली उघडायला सांगा.