मळवलीला उतरा, ब्राह्मी वाचा

आठवडाभर तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आराखड्यांत बुडालेले तरुण अभियंते रविवारी लोहगड-विसापूरची वाट धरतात. त्यांच्यासाठी मावळात आणखी एक छंद आहे, ब्राह्मी लिपी वाचण्याचा.

लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं, की एका बाजूला भाज्याची बौद्ध लेणी, दुसऱ्या बाजूला कार्ल्याची. आधी भाज्याला जा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या तिथल्या चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, खांब नीट न्याहाळा. ते सरळ नाहीत, वर जाताना आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा बाहेरचा रेटा पेलायला खांब असे तिरके लागतात. अखंड कातळात त्याची गरजच नव्हती, तरीही कारागिरांनी सुतारकामाची रीत सोडली नाही. यंत्रशाळेत वाढलेल्या नजरेला हे पटकन दिसतं, आणि मग पाय निघत नाही.

कार्ल्याचं चैत्यगृह भारतातलं सर्वांत मोठं. छताच्या मूळ लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. व्हरांड्यात वैजयंतीच्या, म्हणजे बनवासीच्या, भूतपाल या श्रेष्ठीचा, म्हणजे व्यापाऱ्याचा, लेख आहे. हे सगळे लेख ब्राह्मीत आहेत. त्यातला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा, ‘ठ’ म्हणजे नुसतं वर्तुळ. इतक्यावर सुरुवात होते!

अक्षरांवर खडू मात्र फिरवू नका. बाजूने विजेरी धरली की ती आपोआप उठून दिसतात. शेजारीच एकवीरा आईचं देऊळ आहे, चैत्री यात्रेत गर्दी फार. तेव्हा पहाटेचीच लोकल पकडा.