मागणीपत्राची वाट पाहणारा आयोग



पुण्यातल्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला अभ्यासिकांच्या पाट्या पावलोपावली दिसतात. आत ओळीनं लावलेले कप्पे, भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक, आणि लातूर, बीड, नांदेड, जळगाव अशा जिल्ह्यांतून आलेली मुलं-मुली. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सतत येतो, तो म्हणजे ‘आयोग’. आयोगानं जाहिरात काढली नाही. आयोगानं तारीख पुढं ढकलली. आयोग जागा वाढवतच नाही. घरी फोनवर आईवडिलांनाही हेच सांगितलं जातं. त्यामुळं गावाकडं असं चित्र तयार होतं की नोकऱ्यांची पेटी आयोगाजवळ आहे आणि किल्लीही त्याच्याच कमरेला आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पद निर्माण करत नाही. रिकामं पद केव्हा भरायचं हे तो ठरवत नाही. नेमणुकीचा आदेशसुद्धा तो काढत नाही. शासनानं मागितलं तर, मागितलं तेवढ्या पदांसाठी, योग्य माणसं निवडायची आणि त्यांची शिफारस करायची, हे त्याचं काम. हे काम लहान आहे असं मात्र कुणी समजू नये. मंत्र्याचा हात आणि सरकारी पद यांच्या मध्ये कुणीतरी उभं असावं म्हणूनच ही संस्था जन्माला आली.

तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या ली आयोगानं १९२४ मध्ये अहवाल दिला आणि १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये देशातला पहिला लोकसेवा आयोग सुरू झाला. १९३५ च्या कायद्यानं प्रांतांनाही असे आयोग मिळाले. आपल्याकडं १९३७ मध्ये आला तो मुंबई-सिंध लोकसेवा आयोग. सिंध त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई इलाख्यातून वेगळा झाला होता, पण दोघांचा आयोग एकच राहिला. पुढं फाळणी झाली, द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि गेलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात यांच्याबरोबर दोघांचे आयोगही वेगळे झाले.

आता रचनेकडं वळू, कारण घटनाकारांची दूरदृष्टी खरी दिसते ती इथं. घटनेची ३१५ ते ३२३ ही कलमं लोकसेवा आयोगांबद्दल आहेत. ऑगस्ट १९४९ मध्ये ती घटना समितीत चर्चेला आली, तेव्हा सभासदांपुढचा खरा प्रश्न असा होता की ज्या सरकारनं नेमायचं, त्याच सरकारला न घाबरणारी माणसं कशी मिळवायची?

त्यावर शोधलेला तोडगा पाहा. राज्य आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य यांना राज्यपाल नेमतात. पण त्यांना पदावरून दूर करण्याचा अधिकार राज्यपालांना नाही, मुख्यमंत्र्यांना तर नाहीच नाही. तो फक्त राष्ट्रपतींना आहे. त्यातही गैरवर्तनाचा आरोप असेल, तर राष्ट्रपतींनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडं पाठवायचं, न्यायालयानं चौकशी करायची, आणि न्यायालयानं काढून टाकण्याजोगं कारण आहे असं कळवलं तरच पुढं पाऊल टाकायचं. चौकशी चालू असताना राज्यपाल फार तर निलंबित करू शकतात.

मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी येईल ते. एकदा नेमल्यावर त्यांच्या सेवाशर्ती त्यांचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. त्यांचे पगार आणि आयोगाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो, म्हणजे विधिमंडळात त्यावर मतदान होत नाही. रागावलेल्या सभागृहाला आयोगाची रसद तोडता येऊ नये, यासाठी ही तजवीज. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तरतूद म्हणजे निवृत्तीनंतरचं बंधन. राज्य आयोगाच्या अध्यक्षाला पुढं केंद्रीय आयोगावर किंवा दुसऱ्या राज्याच्या आयोगाचा अध्यक्ष म्हणून जाता येतं. बाकी कुठलीही सरकारी नोकरी त्याला वर्ज्य. उद्या आपल्याला काय मिळेल, या विचारानं आजची गुणवत्ता यादी बिघडू नये, हा त्यामागचा हेतू.

सदस्यांपैकी साधारण निम्मे हे किमान दहा वर्षं शासकीय सेवेत काम केलेले असावेत, असंही घटना सांगते. बाकीच्यांसाठी पात्रतेची चौकट घातलेली नाही, आणि कमकुवत बाजू नेमकी इथं आहे. २०१३ मध्ये पंजाबच्या आयोगाच्या अध्यक्षपदाची नेमणूक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवली, ती याच मुद्द्यावर. घटनेत अर्हता लिहिलेली नाही म्हणून वाटेल त्याला नेमता येत नाही, त्या माणसाची सचोटी आणि कुवत पाहिलीच पाहिजे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. महाराष्ट्रालाही हा धडा महागात पडलेला आहे. या शतकाच्या सुरुवातीला आपल्या आयोगाच्या परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराचं प्रकरण उघडकीला आलं आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला तपास करावा लागला. कलमं कितीही भक्कम असली, तरी खुर्चीत बसणारा माणूस तसा हवा.

आता मागणीपत्राबद्दल बोलतो, म्हणजे रिकामी पदं भरून द्या असं सांगणारा जो कागद खातं आयोगाकडं पाठवतं, त्याबद्दल. अभ्यासिकेतल्या मुलांना जाहिरात दिसते. जाहिरातीच्या आधीचा प्रवास फार थोड्यांना माहीत असतो.

समजा एखाद्या खात्यात वर्ग दोनची काही पदं रिकामी आहेत. खात्यानं प्रथम पाहायचं की ही पदं मंजूर आकृतिबंधात आहेत का आणि भरतीला वित्त विभागाची संमती आहे का. सेवाप्रवेश नियम काढून पाहायचं की यातली किती पदोन्नतीनं आणि किती सरळसेवेनं भरायची. मग निघते आरक्षणाच्या बिंदुनामावलीची नोंदवही. कुठला बिंदू कुठल्या प्रवर्गाचा, त्यावर आज कोण काम करतंय, निवृत्त कोण झालं, याचा एकेका ओळीत हिशेब. तो मागासवर्ग कक्षाकडून तपासून, प्रमाणित करून आणायचा. महिला, खेळाडू, दिव्यांग, अनाथ यांचं समांतर आरक्षण त्यात बसवायचं. एवढं झाल्यावर मागणीपत्र आयोगाकडं जातं. आयोग ते तपासतो. एका रकान्यातली बेरीज चुकली किंवा एका प्रवर्गाची संख्या नामावलीशी जुळली नाही, तर कागद परत खात्याकडं जातो. संबंधित कारकुनाची बदली झालेली असली, तर तो कागद तिथं किती दिवस पडून राहील, हे आपण सगळे जाणतोच.

अगदी ठळक आठवणारं उदाहरण घ्या, २०२४ च्या राज्यसेवा परीक्षेचं. पूर्व परीक्षा २८ एप्रिलला ठरली होती. त्याआधी मराठा समाजाच्या आरक्षणाचा नवा कायदा आला. त्याप्रमाणं प्रत्येक खात्याला पदांची विभागणी नव्यानं करावी लागली, सुधारित मागणीपत्रं मागवावी लागली. तारीख सरकत २५ ऑगस्टवर आली. त्या दिवशी बँक भरतीची परीक्षा होती. शिवाय कृषी सेवेच्या जागा त्यात घ्याव्यात अशी मागणी होती. विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर बसले आणि परीक्षा पुन्हा पुढं गेली. शेवटी ती झाली १ डिसेंबरला. मुलांच्या घोषणा आयोगाच्या नावानं होत्या. बँकेच्या परीक्षेशी तारीख आदळली, हे आधी पाहायला हवं होतं आणि तो दोष आयोगाच्या पदरात घालायलाच हवा. पण एप्रिल ते ऑगस्ट हा काळ खात्यांच्या टेबलांवर खर्च झाला होता.

सदस्यांचंही असंच. जुलै २०२१ मध्ये आयोगावरच्या सदस्यांच्या कित्येक जागा रिकाम्या होत्या. मुख्य परीक्षा पास झालेली मुलं मुलाखतीची वाट पाहत होती. शेवटी महिनाअखेरपर्यंत या जागा भरू, असं आश्वासन उपमुख्यमंत्र्यांना विधानसभेत द्यावं लागलं. मुलाखत सदस्यच घेतात. सदस्य नसतील तर मुलाखतीचे दिवस कमी होतात आणि सगळी यादी लांबते. आयोगाला हात न लावता त्याला लंगडं करण्याचा मार्ग हाच आहे: जागा भरायच्या नाहीत. घटनाकारांनी सदस्याला काढून टाकणं अवघड केलं. तो नेमलाच नाही तर काय, यावर कलम गप्प आहे.

आयोगाचं आणखी एक काम आहे, ते सहसा परीक्षार्थींच्या कानावर येत नाही. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याची विभागीय चौकशी झाली आणि त्याला शिक्षा द्यायची असली, तर शासनानं आयोगाचा सल्ला घ्यावा असं ३२० वं कलम सांगतं. सेवाप्रवेश नियम, बढत्यांची तत्त्वं यांवरही सल्ला घ्यायचा असतो. हा सल्ला शासनानं मानलाच पाहिजे का? उत्तर प्रदेशातल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सल्ला घेतला नाही एवढ्यावरून आदेश रद्दबातल ठरत नाही. म्हणजे इथंही आयोगाच्या शब्दाला वजन आहे, सक्ती नाही.

तरीही घटनाकारांनी एक खिडकी उघडी ठेवली. आयोगानं दरवर्षी राज्यपालांना अहवाल द्यायचा. ज्या प्रकरणांत शासनानं आयोगाचा सल्ला मानला नाही, त्यांची कारणं देणारं निवेदन त्या अहवालाबरोबर विधिमंडळापुढं ठेवायचं. किती साधी आणि किती जालीम तरतूद! शासनाला नकार देता येतो, पण तो लपवता येत नाही. या अहवालावर सभागृहात तासभर चर्चा झाली, प्रत्येक विभागाच्या सचिवाला उत्तर द्यावं लागलं, तर लोकसेवा आयोगाचं बळ दुप्पट होईल अशी माझी खात्री आहे. आमदारांनी ती मागावी, असं मला कळकळीनं वाटतं.

शेवटचा मुद्दा आयोगाच्या कक्षेचा. आपल्याकडं खालच्या पदांची पुष्कळशी भरती आयोगाबाहेर होते, आणि पेपरफुटीच्या बातम्या बहुतेक तिथूनच आल्या. २०२१ मधली आरोग्य विभागाची भरती तुमच्या लक्षात असेल. केरळमध्ये मात्र अगदी तळाच्या पदापासून सरकारी कंपन्या आणि मंडळांपर्यंतची भरती राज्य लोकसेवा आयोगच करतो, आणि त्यासाठी त्याची जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यालयं आहेत. कायदा करून आयोगाचं काम वाढवण्याची मुभा ३२१ वं कलम देतं. महाराष्ट्रानं लिपिक-टंकलेखकांची पदं आयोगाकडं देऊन त्या दिशेनं सुरुवात केली आहे. ती पुढं न्यायची असेल, तर आयोगाला माणसं आणि जागा आधी द्याव्या लागतील. भार वाढवला आणि खांदे तेवढेच ठेवले, तर निकाल आणखी लांबतील आणि बोल पुन्हा आयोगालाच लागेल.

परीक्षेची तयारी करणाऱ्या श्रोत्यांना एक काम सुचवतो. जाहिरात का येत नाही, असा प्रश्न पडला की ज्या विभागाचं पद तुम्हाला हवं आहे, त्या विभागाकडं माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क पडतं आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दोनच तारखा विचारा: पद रिकामं झालं ती तारीख, आणि मागणीपत्र आयोगाकडं पाठवलं ती तारीख. त्या दोन तारखा हातात आल्या की आपल्या आमदाराच्या कार्यालयात जा आणि त्यांच्यापुढं ठेवा.