उशिरा सांगितलं, तरी ऐका

चिखलदऱ्यातल्या, मेळघाटातल्या आयाबहिणींनो, भावांनो…

लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार
कित्येक जण फार उशिरा सांगतात.
तोवर लग्न झालेलं असतं… लेकरं झालेली असतात.
अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचा असतो.
कधी घरातलाच.
म्हणून लेकरू गप्प राहतं.

मग एक दिवस ते बोलतं, आणि घर हादरतं.
आई स्वतःला दोष देते.
कुणी विचारतं, "इतकी वर्षं का नाही सांगितलं?"
हे विचारू नका. फार लागतं ते.

आधी ऐका… विश्वास ठेवा.
"तुझी चूक नाही," एवढं म्हणा.
चार नातेवाईक बसवून समेट घडवू नका.
तो अन्यायच आहे.

लेकरांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 पासून लागू आहे.
त्याखाली तक्रारीला मुदत नाही.
केंद्र सरकारने 2018 मध्ये तसं स्पष्ट केलं.
घटना हा कायदा लागू होण्याआधीची असेल, तर वकिलाला विचारा.
महिलांना अमरावतीच्या
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो.

पुन्हा सांगते…
उशिरा सांगितलं, तरी ऐका. विश्वास ठेवा.

आणि आज एखाद्या लेकराला त्रास होत असेल,
तर लगेच फोन करा.
1098… दहा, नऊ, आठ.