दुष्यंताचें अपुरें चित्र

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीनें आंखली आहे. अंबड व घनसावंगी या तालुक्यांच्या कडेनें वाहणारी ही नदी पैठणाहून, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानाहून, खालीं येते. याच खोऱ्याच्या महाराष्ट्री प्राकृताला संस्कृत नाटकांत गीतभाषेचा मान मिळाला. स्त्रीपात्रांनीं गद्य शौरसेनींत बोलावें आणि पद्य महाराष्ट्रींत गावें, असा नाट्यसंकेत होता. म्हणून कालिदासाची शकुंतला तिसऱ्या अंकांत कमलिनीच्या पानावर नखांनीं जें प्रेमपत्र कोरते, तें गोदाकांठच्या भाषेंत आहे.

हाच प्रसंग राजा रविवर्म्यानें (१८४८–१९०६) ‘शकुंतला-पत्रलेखन’ या चित्रांत रंगविला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. पुढें १८९४ सालीं मुंबईजवळ घाटकोपरला रविवर्म्याचा शिळाछापखाना निघाला आणि पुराणांतील व नाटकांतील प्रसंग मराठी घरांच्या भिंतींवर आले. शकुंतला डोळ्यांना व कानांना इतकी परिचित झाली कीं, तिचें पहिलें रेखाटन खुद्द नाटकांतच आहे, ही गोष्ट मागें पडली.

तें रेखाटन सहाव्या अंकांत येतें आणि चित्रकार स्वतः दुष्यंत आहे. शापामुळें त्यानें पत्नीला ओळखलें नाहीं. कोळ्याला सांपडलेली मुद्रिका पाहतांच सर्व आठवलें. पण तोंवर ती दुरावली होती. आतां तो तिला फलकावर रेखाटतो. आम्रवृक्षापाशीं ती थकून उभी आहे. केशबंध सैल होऊन फुलें गळत आहेत, मुखावर घर्मबिंदु आहेत, खांदे झुकले आहेत. शेजारीं दोन सख्या आहेत. एवढ्या खुणांवरून विदूषक तिला ओळखतो. राजा मात्र आणखी दोन खुणा दाखवितो: रेषांच्या कडेला त्याच्या घामेजलेल्या बोटांचा मळकट ठसा उमटला आहे, आणि तिच्या गालावर त्याचा अश्रु पडून तेथला रंग फुगला आहे.

चित्र अजून अर्धेंच आहे. राजा चतुरिका दासीला कुंचले आणावयास पाठवितो आणि काय काढावयाचें राहिलें तें सांगूं लागतो: मालिनी नदी, तिच्या वाळूंत विसावलेली हंसांची जोडी, दोन्ही बाजूंस हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या व तेथें बसलेलीं हरिणें, फांद्यांवर वल्कलें लोंबत असलेला वृक्ष, आणि त्याच्याखालीं काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा घासणारी हरिणी. शकुंतलेच्या कानांतील शिरीषपुष्प आणि वक्षावरील कमळतंतूही राहून गेले आहेत. विदूषकाला धास्ती वाटते कीं, हा आतां लांब दाढीच्या तापसांनीं सारा फलक भरून टाकणार!

राजाच्या या यादींत वैभवाची एकही वस्तु नाहीं. हरिणी आपला डोळा तीक्ष्ण शिंगाला निःशंकपणें लावते. ज्याच्या हातून असाच विश्वास मोडला, त्यालाच हा तपशील सुचतो. चित्रकाराच्या प्राथमिक रेखाटनाचें मोल हेंच आहे. काय विसरतां येत नाहीं, कोठें हात थरथरला, हें त्यांत उघड दिसतें. पुऱ्या झालेल्या चित्रांत तें रंगाखालीं झांकून जातें.

कुंचले मात्र येत नाहींत. वाटेंत राणी वसुमती ती पेटी चतुरिकेच्या हातून हिसकावून घेते, आणि राणी येत आहे असें कळतांच फलक विदूषकाकडे देऊन लपवावा लागतो. कालिदासानें तें चित्र पुढें कधींच पुरें होऊं दिलें नाहीं. सातव्या अंकांत मारीचाच्या आश्रमांत राजापुढें येते ती मळकीं वस्त्रें नेसलेली, एकवेणी धारण केलेली प्रत्यक्ष शकुंतला. तेथें कुंचल्याचें कामच उरत नाहीं; राजा तिच्या पायां पडतो.