खिशातला कॅमेरा आणि गळ्यातला कॅमेरा

छायाचित्राचा दर्जा मेगापिक्सेलच्या आकड्यावर ठरतो, असा समज जाहिरातींनी रूढ केला असला, तरी मंद उजेडात काढलेल्या छायाचित्राची स्वच्छता आणि ऊन व सावली या दोन्ही टोकांना टिकून राहणारा तपशील या गोष्टी बऱ्याच अंशी सेन्सरच्या आकारमानावर अवलंबून असतात. सेन्सर म्हणजे भिंगातून आत आलेला प्रकाश झेलून त्याचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी चिप. पूर्वीच्या कॅमेऱ्यात जेथे फिल्म असे, तेथे आता ती असते. खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत या चिपचे क्षेत्रफळ साधारणतः २८ चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही कमी असते. याउलट भिंग बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत वापरला जाणारा, एपीएस-सी या मापाचा सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटर लांब आणि १५.६ मिलिमीटर रुंद असतो व त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६६ चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेरा पट भरते. हा मोठा सेन्सर लहान अंगाच्या कॅमेऱ्यात बसवायचा म्हटले की अडचण भिंगाची येते, कारण एवढा पृष्ठभाग प्रकाशाने व्यापणारे झूम भिंग आकाराने मोठे होते. म्हणून या वर्गातील अनेक कॅमेऱ्यांना एकाच नाभीय अंतराचे, न निघणारे भिंग कायमचे जोडलेले असते. अशा वेळी कॅमेरा निवडणे आणि भिंग निवडणे ही एकच कृती ठरते, आणि निवड चुकली तर दुसरे भिंग लावून ती सुधारता येत नाही.

या वर्गातील दोन जपानी कॅमेरे तुलनेसाठी विशेष बोलके आहेत. पहिला, २०१९ साली बाजारात आलेला रिको जीआर थ्री, ज्याची अमेरिकेतील आरंभीची किंमत ८९९ डॉलर होती. दुसरा, २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला फुजीफिल्म एक्स-१००व्ही, ज्याची तेथील किंमत १,३९९ डॉलर होती. या दोन्हींच्या पुढच्या आवृत्त्या आता निघाल्या असल्यामुळे हे कॅमेरे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारातही शोधले जातात, आणि एकाच पिढीतील असल्यामुळे त्यांच्यातील फरक काळाचा नसून विचाराचा आहे, हे सहज दिसून येते.

आकड्यांच्या तक्त्यात मात्र हा फरक दिसत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत एपीएस-सी मापाचाच सेन्सर आहे. रिकोचा २४ मेगापिक्सेलचा, तर फुजीफिल्मचा २६ मेगापिक्सेलचा. हे दोन मेगापिक्सेल ऐकायला बरेच वाटले, तरी प्रत्यक्षात पहिल्याचे छायाचित्र ६,००० बिंदू रुंद आणि दुसऱ्याचे ६,२४० बिंदू रुंद, म्हणजे अवघ्या चार टक्क्यांनी मोठे असते. आणि ए-थ्री आकाराच्या उत्तम छपाईला, इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने, रुंदीत पाच हजारांहूनही कमी बिंदू पुरतात. सेन्सरवरील रंगीत गाळण्यांची मांडणी वेगळी आहे, कारण रिकोने दोन बाय दोनच्या चौकटीत फिरून फिरून येणारी रूढ बेयर मांडणी स्वीकारली आहे, तर फुजीफिल्मने सहा बाय सहाच्या चौकटीची एक्स-ट्रान्स ही स्वतःची मांडणी वापरली आहे. परंतु दोन्ही भिंगे स्पष्ट आणि दोन्ही सेन्सर कसदार असल्याने, भिंतीवर लावलेल्या छायाचित्राकडे पाहून ते कोणत्या कॅमेऱ्याचे हे तेवढ्यावरून ओळखणे कठीण जाईल.

खरा भेद सुरू होतो तो दृष्टिकोनापासून, आणि येथे हा शब्द त्याच्या मूळ, भूमितीतील अर्थानेच घ्यावयाचा आहे. नाभीय अंतर म्हणजे भिंगाच्या मध्यापासून त्याच्या नाभीपर्यंतचे अंतर. सेन्सर तेवढाच राहिला, तर हे अंतर जितके कमी तितका समोरचा अधिक रुंद पट्टा चौकटीत येतो. रिकोच्या भिंगाचे नाभीय अंतर १८.३ मिलिमीटर आणि फुजीफिल्मचे २३ मिलिमीटर आहे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या परिभाषेत हीच भिंगे अनुक्रमे २८ आणि ३५ मिलिमीटरची म्हणून ओळखली जातात. याचा व्यवहारातील अर्थ असा की दहा फुटांवरून आडवी चौकट धरली, तर रिकोमध्ये सुमारे १३ फूट रुंदीचे दृश्य मावते आणि फुजीफिल्ममध्ये १० फुटांहून किंचित अधिक. अरुंद बोळ, वाड्याचा चौक किंवा गर्दीचा बाजार यांत हे तीन फूट मोलाचे ठरतात. मात्र तेच तीन फूट माणसाचे चित्र काढताना चौकटीत नको असलेली माणसे, विजेच्या तारा आणि फलकही आणून ठेवतात, आणि ते टाळण्यासाठी छायाचित्रकाराला समोरच्या व्यक्तीच्या इतके जवळ जावे लागते की चौकटीच्या कडेला आलेले चेहरे ताणल्यासारखे दिसू लागतात. जो संकोचाने दोन पावले मागेच थांबतो, त्याला २८ मिलिमीटरच्या चित्रांत माणसे लहान आणि रस्ता मोठा आढळतो.

दुसरा भेद उजेडाशी संबंधित आहे. भिंगातील प्रकाशाची वाट लहानमोठी करणाऱ्या झडपेला ॲपर्चर म्हणतात आणि तिचा आकडा जितका लहान तितकी ती वाट रुंद. फुजीफिल्मचे भिंग एफ/२ पर्यंत उघडते, तर रिकोचे एफ/२.८ पर्यंत, म्हणजे पहिल्यातून जवळजवळ दुप्पट प्रकाश आत येतो. याची भरपाई रिकोने सेन्सरच तीन अक्षांवर हलवून हाताचा कंप रोखण्याच्या व्यवस्थेने केली आहे, आणि ती सोय एक्स-१००व्ही मध्ये नाही. या दोन उपायांचे काम मात्र सारखे नव्हे, हे ग्राहकाने ध्यानात घेतले पाहिजे: कंपरोधामुळे शटर अधिक वेळ उघडे ठेवता येते, त्यामुळे समईच्या उजेडातील गाभारा किंवा रात्रीची निवांत गल्ली स्वच्छ येते, परंतु नाचणारी मुले किंवा झांजा वाजवणारा हात पुसटच उमटतो, उलट, रुंद ॲपर्चरमुळे शटर लवकर मिटता येते आणि त्यामुळे हालचालच गोठवता येते. स्थिर वस्तूंना एक उपाय, हलत्या माणसांना दुसरा, अशी ही वाटणी आहे.

तिसरा भेद हाताच्या आणि डोळ्याच्या सवयीचा आहे. रिकोचे वजन बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम आणि जाडी सुमारे ३३ मिलिमीटर आहे. बंद केल्यावर भिंग आत जाते आणि कॅमेरा सदऱ्याच्या किंवा विजारीच्या खिशात बसतो. फुजीफिल्म ४७८ ग्रॅम वजनाचा आणि ५३ मिलिमीटर जाड असल्यामुळे तो खिशातला नव्हे, गळ्यातला किंवा झोळीतला कॅमेरा आहे. रिकोला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही. मागच्या न हलणाऱ्या पडद्यावरच चौकट जुळवावी लागते, आणि वैशाखातील दुपारच्या उन्हात ते काम जिकिरीचे होते. फुजीफिल्मची खिडकी दुहेरी आहे, कारण एक खटका सरकवला की तीतून काचेतले खरे दृश्य दिसते आणि पुन्हा सरकवला की सेन्सरवर पडलेले चित्र दिसते; पहिल्या प्रकारात चौकटीबाहेरून आत येऊ पाहणारा माणूसही आधीच नजरेस पडतो. शटरचा वेग आणि ॲपर्चर यांसाठी या कॅमेऱ्यावर आकडे कोरलेल्या चकत्या व कडे असून, फिल्मच्या कॅमेऱ्यावर हात बसलेल्यांना ते सुखावह वाटते. रिकोची रचना एकाच हाताने चालवण्याची आहे आणि त्याची खासियत म्हणजे स्नॅप फोकस: अंतर आधीच ठरवून ठेवायचे आणि बटण एका दमात पूर्ण दाबले की कॅमेरा फोकस शोधत न बसता त्याच अंतरावर चित्र घेतो. अंतर अडीच मीटर आणि ॲपर्चर एफ/८ ठेवले, तर जवळजवळ चार फुटांपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते, आणि रस्त्यावरील क्षण टिपणाऱ्यांत हा कॅमेरा प्रिय होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

उरलेल्या बाबी थोडक्यात सांगता येतात. कॅमेरा उद्योगाच्या जपानी संघटनेच्या प्रमाण चाचणीनुसार रिकोची बॅटरी सुमारे २०० चित्रे चालते, तर फुजीफिल्मची इलेक्ट्रॉनिक खिडकी वापरून ३५० आणि काचेची वापरून ४२०. त्यामुळे रिको घेणाऱ्याने दुसऱ्या बॅटरीचा खर्च किमतीतच धरावा. फुजीफिल्ममध्ये छोटा फ्लॅश आणि फोर-के चित्रीकरण आहे, रिकोमध्ये फ्लॅश नाही आणि चित्रीकरण फुल एचडीपर्यंतच आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने पावसाचा विचार वेगळा करावा: एक्स-१००व्ही चे भिंग स्वतंत्रपणे विकत मिळणाऱ्या कड्याने आणि संरक्षक काचेने झाकल्यावरच तो पाणी-धुळीला तोंड देण्याजोगा होतो, आणि रिकोला तसे संरक्षण मुळीच नाही.

परंतु यांतील बरेचसे भेद काळाने पुसले जाणारे आहेत. २०२४ मध्ये आलेल्या एक्स-१०० सिक्स या आवृत्तीत फुजीफिल्मने कंपरोधाची सोय केली; २०२५ मधील जीआर फोरमध्ये रिकोने ती तीनऐवजी पाच अक्षांची केली. बदलला नाही तो दृष्टिकोन. २०११ च्या पहिल्या एक्स-१०० पासून सहाव्या आवृत्तीपर्यंत फुजीफिल्मचे भिंग २३ मिलिमीटर आणि एफ/२ हेच राहिले; रिकोनेही १९९६ च्या जीआर-वन या फिल्मच्या कॅमेऱ्यापासून मुख्य मालिकेत २८ मिलिमीटरची दृष्टी सोडली नाही, आणि ४० मिलिमीटरची दृष्टी हवी असणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये जीआर थ्री-एक्स हा निराळाच कॅमेरा काढला. निर्मात्यांनी जी गोष्ट इतकी वर्षे जपली, तीच ग्राहकाने सर्वांत आधी पारखावी, हा यातून निघणारा बोध होय.

ही पारख फुकट करता येते. ज्यांच्या घरी किंवा मित्राकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि त्यासोबत मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग असेल, त्यांनी भिंगाचे कडे एक आठवडा १८ च्या आकड्यावर आणि दुसरा आठवडा २३ च्या जवळ चिकटपट्टीने पक्के करावे आणि दोन्ही आठवड्यांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. वापरलेला कॅमेरा घेताना ॲपर्चर एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचे चित्र काढावे आणि ते मोठे करून सेन्सरवरील धुळीचे ठिपके शोधावेत. रिकोसारख्या आतबाहेर सरकणाऱ्या भिंगाच्या कॅमेऱ्यात ही तपासणी चुकवू नये. ज्याला कॅमेरा रोज जवळ हवा आहे आणि माणसांच्या जवळ जाण्याचा संकोच नाही, त्याने रिको घ्यावा. ज्याला खिडकीतून पाहण्याची सवय आहे, जो माणसांची चित्रे अधिक काढतो आणि अर्धा किलोचे ओझे आनंदाने वागवतो, त्याने फुजीफिल्म घ्यावा. दोन आठवड्यांच्या प्रयोगानंतरही निर्णय होत नसेल, तर हलका आणि स्वस्त कॅमेरा घेणे शहाणपणाचे, कारण घरी कपाटात राहिलेला कॅमेरा, त्याचे भिंग कितीही चांगले असले, तरी एकही चित्र काढत नाही.